लालबागच्या मसाल्याचा व्हीआर खेळ: आपल्या व्यवसायाच्या प्रसिद्धीसाठी खेळ कसा बनवायचा

दुकानात किंवा प्रदर्शनाच्या स्टॉलवर व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आभासी जगात नेणारा चष्मा) ठेवला की माणसं थांबतात. एक जण हवेत हात फिरवत असतो, बाकीचे हसत बघत असतात आणि ‘पुढचा नंबर माझा’ सुरू होतं. पण ती गर्दी हेडसेट बघायला आलेली असते. त्यातलं कुणी घरी गेल्यावर तुमच्या दुकानाचं नाव काढेल की नाही, हे खेळ कसा बांधलाय त्यावर ठरतं. माझं म्हणणं सरळ आहे: तुमच्या धंद्यात हाताचं जे काम आहे, तेच खेळाचं काम करा. चारी बाजूंना लोगो चिकटवलेला नेमबाजीचा खेळ कुठल्याही कंपनीला चालतो, आणि म्हणूनच तो कुठल्या कंपनीचा होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणावरून सांगतो. लालबागच्या मिरची गल्लीतलं एक मसाल्याचं दुकान धरू. दुकान कल्पनेतलं, पण रीत तिथलीच. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला लोक लांबून येतात, मिरच्या बघून घेतात, खडा मसाला घेतात, भाजून घेतात आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून मिळेपर्यंत पिशव्या सांभाळत बसतात. वेळ रिकामा आहे आणि गिऱ्हाईक दारात आहे. खेळ ठेवायला याहून चांगली जागा शोधूनही सापडायची नाही.

१. आधी कृती ठरवा

मालकांबरोबर तासभर बसा आणि विचारा, नवीन पोरगा कामाला ठेवला तर तो कुठे चुकतो? त्या उत्तरात तुमचा खेळ असतो. मसाल्याच्या दुकानात नवखा माणूस मिरचीत चुकतो. बेडगी रंगाला चांगली, तिखटाला बेताची. काश्मिरीही रंगासाठीच घ्यायची. संकेश्वरीला झणका असतो आणि लवंगी जरा जास्त पडली की जेवताना डोळ्यांतून पाणी. गिऱ्हाईक दर वेळी मिरचीचं नाव घेत नाही. ते म्हणतं, “दादा, रंग फक्कड येऊ दे, पण घरात लहान पोर आहे हां.” एवढ्यावरून कुठल्या पोत्यात हात घालायचा, हे कळणं म्हणजे मसालेवाल्याची विद्या.

आता याचा खेळ करू. खेळणारा काउंटरमागे उभा. उजव्या-डाव्या हाताला मिळून चार पाट्या (टोपल्या), चार मिरच्यांच्या. समोर एक मावशी येतात, काय हवंय ते सांगतात. योग्य पाटीतून मूठ भरायची, डंकाच्या तोंडात टाकायची, दांडा धरून दाबायचा, धाड धाड आवाज करत मसाला कुटला जातो. मग काका येतात, त्यांना मटणाला चालेल असा झणझणीत हवा. ९० सेकंदांत तीन गिऱ्हाइकं. लवंगी जास्त झाली तर काकांचे कान लालभडक होतात, कानांतून वाफ निघते आणि ते पाणी मागत धावत सुटतात. चुकण्यात अशी मजा असेल तर हरलेला माणूसही हसत हेडसेट काढतो, आणि ‘बेडगी रंगाला’ हे त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. जाहिरात तिथेच झालेली असते.

प्रत्येक कामाचा मात्र व्हीआर खेळ होत नाही. फेकणं, झेलणं, कुटणं, हलवणं, ओतणं, नेम धरणं, मांडणी करणं ही कामं छान जमतात. बोटांचं बारीक काम जमत नाही. उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायचा खेळ ऐकायला सुंदर वाटतो, पण हातात कंट्रोलर (हेडसेटबरोबर येणारी बटणांची मूठ) असताना ती पाकळी चिमटीत येतच नाही आणि खेळणारा वैतागतो. त्यापेक्षा मोदक वेळेवर उकडून पानात वाढायचा खेळ करा. इंटिरिअरचं काम असेल तर ४०० चौरस फुटांच्या घरात पलंग, कपाट आणि देवघर बसवून दाखवायचं आव्हान द्या, मुंबईकर त्यात आपोआप गुंततो. कोकणातल्या होमस्टेची जाहिरात असेल तर जेटीवर उभं राहून गळ टाकू द्या. होडीत नको, त्याचं कारण पुढे येतंच.

२. कोड लिहिण्याआधी टेबलावर खेळा

चार टोपल्या, चार रंगांचे कागदाचे बोळे, एक बादली आणि मोबाइलवर ९० सेकंदांचा टायमर. कुणीतरी मावशी व्हायचं, कुणीतरी दुकानदार. दुपारभरात कळतं की चार मिरच्या ठीक आहेत की तीनच पुरेत, गिऱ्हाईक किती लांब बोललं की कंटाळा येतो, आणि हात पोचत नाही अशी पाटी कुठली. ही पायरी लोकांना पोरकट वाटते म्हणून ते ती गाळतात, आणि मग टेबलावर दोन मिनिटांत झाला असता तो बदल करायला प्रोग्रामरचे दोन दिवस जातात.

इथेच गणितही करून ठेवा. ९० सेकंदांच्या खेळाला हेडसेट चढवणं, समजावणं आणि पुसणं धरून माणशी चार मिनिटं लागतील असं धरा. म्हणजे एका हेडसेटवर तासाला १५ जण, चार तासांच्या संध्याकाळी ६०. खेळ पाच मिनिटांचा केलात तर हा आकडा निम्म्यावर येतो. खेळ लांबवायचा मोह मालकांना हटकून होतो. त्यांना हा हिशोब दाखवा.

३. हेडसेट

स्टॉलसाठी स्वतंत्र चालणारा, कॉम्प्युटरला न जोडावा लागणारा हेडसेट घ्या. मेटा क्वेस्ट ३ (२०२३) किंवा त्याचा स्वस्त भाऊ क्वेस्ट ३एस (२०२४) या कामाला पुरेसे आहेत. पीसीला जोडायचे हेडसेट चित्र जास्त सुंदर दाखवतात, पण गर्दीत वायर, महागडा पीसी आणि तो सांभाळायला माणूस, हे सगळं गळ्यात येतं. मोबाइल घालायचे पुठ्ठ्याचे चष्मे नकोत. त्यांत हात दिसत नाहीत आणि आपला सगळा खेळ हाताचा आहे. हेडसेट बाहेरून आणलेला असेल तर वॉरंटी कोण निभावणार हे बिल घेतानाच विचारा. एकाच कार्यक्रमापुरता खेळ असेल तर भाड्याने घ्या, पण बनवताना आणि स्टॉलवर मॉडेल एकच असू द्या.

४. साधनं आणि माणसं

खेळ बांधायला युनिटी, अनरिअल किंवा गोडो या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी काहीही चालतं. पहिल्या खेळासाठी मी युनिटी सुचवेन, कारण त्याच्या एक्सआर इंटरॅक्शन टूलकिटमध्ये वस्तू उचलणं, फेकणं, दांडा ओढणं हे आयतं मिळतं आणि शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्याची फुकट आवृत्ती ठरावीक उलाढालीपर्यंतच वापरता येते, तेव्हा अटी वाचून घ्या. गोडोला लायसन्सचा खर्च नाही. त्रिमिती मॉडेलसाठी ब्लेंडर, तेही फुकट. प्रोजेक्ट ओपनएक्सआर या खुल्या मानकावर बांधा, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा हेडसेट घेतला तरी सगळं नव्याने करावं लागणार नाही.

माणसं कमीत कमी तीन: एक प्रोग्रामर, एक मॉडेल बनवणारा आणि एक आवाजाकडे बघणारा. चौथा माणूस दुकानातला. त्याच्याशिवाय डंक खोटा दिसतो.

५. करड्या ठोकळ्यांचा नमुना

पहिल्या आवृत्तीत चित्रकाम शून्य. काउंटर म्हणजे करडा ठोकळा, मिरच्या म्हणजे लाल काड्या. युनिटीत एक एकक म्हणजे एक मीटर, तेव्हा दुकानात टेप घेऊन जा आणि खरी मापं उतरवा. हेडसेट घातल्यावर दहा सेंटिमीटरचा फरकही अंगाला जाणवतो.

काउंटरची उंची मात्र कायमची ठरवू नका. खेळ सुरू होताना हेडसेट जमिनीपासून किती उंच आहे ते वाचा आणि त्या प्रमाणात काउंटर वर-खाली करा. सहा फुटी तरुण, साडेचार फुटांची आजी आणि खुर्चीत बसलेला माणूस, तिघांच्याही कंबरेला काउंटर यायला हवा.

बटणं शिकवायला स्टॉलवर वेळ नसतो. कंट्रोलरचं कुठलंही बटण दाबलं तरी मूठ मिटली पाहिजे. हेडसेट कंट्रोलरशिवाय नुसते हातही ओळखतो, पण गर्दीत शेजारच्याचा हात मध्ये येतो आणि मिरची हाताला लागल्याचा धक्काही जाणवत नाही. कंट्रोलरची थरथर इथे कामाची आहे: मूठ भरताना हलकी, डंक आपटताना जोरात. फेकताना थोडी चोरटी मदत करा. मिरच्या डंकाच्या तोंडाजवळून जात असतील तर त्या आत वळवा. खेळणाऱ्याला ते कळत नाही, त्याला आपला नेम चांगला आहे असंच वाटतं.

आवाजाला मी चित्रापेक्षा जास्त वेळ देईन. खऱ्या दुकानात जाऊन डंकाचा आवाज, कढईत मिरच्या परतल्याचा आवाज, गल्लीतला गलका रेकॉर्ड करा. मावशी-काकांचे संवाद कलाकाराकडून घेण्याऐवजी दुकानातल्याच माणसांकडून बोलून घ्या. लालबाग-परळची बोली स्टुडिओत शिकवून येत नाही.

६. मिरच्यांचा ढीग आणि १३.९ मिलिसेकंद

व्हीआरचं चित्र सेकंदाला किमान ७२ वेळा नव्याने काढावं लागतं, तेही दोन्ही डोळ्यांसाठी. म्हणजे एका फ्रेमला (एकदा काढलेल्या चित्राला) १३.९ मिलिसेकंद, ९० फ्रेम हव्या असतील तर ११.१. यापेक्षा उशीर झाला की चित्र अडखळतं आणि माणसाला मळमळतं. हेडसेटमध्ये मोबाइलच्या जातीची चिप आहे, हे चित्रकाराच्या मनावर पहिल्या दिवशीच बिंबवा.

आपल्या खेळात ही अडचण नेमकी मिरच्यांच्या ढिगात येते. पाटीत पाचशे मिरच्या सुट्या ठेवल्या, प्रत्येकीला वजन आणि टक्कर दिली, तर हेडसेट गुदमरेल. उपाय असा: पाटीतला ढीग म्हणजे वरून मिरच्यांसारखं दिसणारं एकच सलग मॉडेल. खेळणाऱ्याने त्यात हात घातला की मुठीत आठ-दहा खऱ्या, सुट्या मिरच्या प्रकट करायच्या. त्याही दर वेळी नव्या जन्माला न घालता, आधीच तयार ठेवलेल्या साठ-सत्तरांतून घ्यायच्या आणि डंकात पडल्या की परत साठ्यात पाठवायच्या. ढीग मुठीगणिक किंचित खाली सरकवला की कुणालाही शंका येत नाही.

दुसरा खड्डा म्हणजे उडणारी पूड. तिखटाचा लाल धुरळा सगळ्यांना हवा असतो, पण अर्धपारदर्शक थर एकमेकांवर पडले की अशा चिपचा जीव जातो. मोठे धूसर ढग टाळा. थोडे, लहान, लगेच विरणारे कण ठेवा आणि उरलेलं काम आवाजावर सोडा. दुकानाच्या आतला उजेड-सावली आधीच मॉडेलवर रंगवून ठेवा (याला ‘बेक’ करणं म्हणतात), म्हणजे खेळताना हिशोब करावा लागत नाही. सगळ्या डब्या-बरण्यांची चित्रं एकाच मोठ्या चित्रात बसवा, मॉडेलवर चढवायच्या या चित्रांसाठी (टेक्स्चर) एएसटीसी ही आकार लहान करायची पद्धत वापरा आणि एका फ्रेममधले ड्रॉ कॉल, म्हणजे वस्तू काढायचे चिपला दिलेले हुकूम, शे-दोनशेच्या आसपास ठेवा. हे सगळं पीसीवर तपासून उपयोग नाही. हेडसेटवर, तोही अर्धा तास चालून गरम झालेला असताना तपासा.

७. चक्कर येऊ द्यायची नाही

डोळे सांगतात ‘आपण चाललोय’ आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘उभे आहोत’, या भांडणातून मळमळ होते. म्हणून खेळणाऱ्याला जागेवर उभं ठेवा आणि जग त्याच्याकडे येऊ द्या. आपल्याकडे गिऱ्हाईक चालत येतंच, दुकानदार चालत नाही. होडी, जीप, रोलर कोस्टर या कल्पना मालकांना भुरळ घालतात. ठाम नाही म्हणा. ज्याला तुमच्या स्टॉलवर उलटीची भावना झाली, त्याला तुमचं नाव आठवतं, पण नको त्या कारणाने. खेळणाऱ्याचा कॅमेरा कोडने कधीच हलवू नका, काकांच्या तिखटाच्या धक्क्यालासुद्धा नाही.

८. दुकानाचं नाव कुठे दिसावं

खऱ्या दुकानात जिथे असतं तिथेच: दुकानाच्या फलकावर, पिशवीवर, मसाल्याच्या पाकिटावर. कुटून झालेला मसाला पाकिटात भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही खेळाची शेवटची कृती ठेवा, म्हणजे खेळणारा तुमचं पाकीट स्वतः धरून बघतो. बाहेर येताच तेच पाकीट, पन्नास ग्रॅमचं का होईना, त्याला प्रत्यक्ष दिसू द्या. आत हाताळलेली वस्तू बाहेर लगेच हातात आली, तर तिचा परिणाम लांबलचक भाषणापेक्षा मोठा असतो.

बाहेर लावलेला मोठा टीव्ही खेळाइतकाच महत्त्वाचा. खेळणारा एक आणि बघणारे वीस असतात. गिऱ्हाइकाचं वाक्य टीव्हीवर मोठ्या मराठी अक्षरांत दिसलं की बघणारे ओरडू लागतात, “अहो, लवंगी नको, बेडगी घ्या!” आणि न खेळलेले वीस जणही मिरच्या शिकून जातात.

बक्षीस ठेवताना जपून. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ यांचाही उल्लेख आहे. पहिल्याला स्कूटर वगैरे जाहीर करण्याआधी वकिलांना विचारा. खेळणाऱ्या प्रत्येकाला सारखीच सवलत किंवा छोटं पाकीट देणं सोपं, आणि त्यात नाराजीही होत नाही.

मोबाइल नंबर घ्यायचा असेल तर खेळानंतर, कशासाठी ते सांगून, संमतीने घ्या; नंबर दिला तरच खेळ, अशी अट नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, तेव्हा मुलांचे नंबर घेऊच नका. सिनेमातलं गाणं पार्श्वसंगीत म्हणून टाकायचं तर हक्कधारकाची परवानगी हवी. ढोलकीवाला गाठून स्वतःचा ठेका वाजवून घेतलेला बरा.

९. चाचणी

व्हीआर कधीच न घातलेली माणसं बोलवा: आजी, शाळकरी मुलं, चष्मेवाले, डावखुरे, अंबाडा घालणाऱ्या बायका. हेडसेट द्या आणि गप्प बसा. पहिल्या दहा सेकंदांत ते काय करतात ते बघा. पाट्यांकडे न बघता छताकडे बघत राहिले तर मावशीने मोठ्याने हाक मारायला हवी, “अहो शेठ, इकडे!” तुम्हाला तोंडाने सांगावं लागलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढा आणि ती खेळात आणा. मेटाने क्वेस्ट १० वर्षांखालच्या मुलांसाठी नसल्याचं सांगितलेलं आहे. लहानग्यांसाठी बाहेर खऱ्या टोपल्या आणि बोळ्यांचा खेळ मांडा, दुसऱ्या पायरीतला.

१०. मुंबईतला प्रत्यक्ष दिवस

मसाल्याच्या दुकानाचा स्वतःचा एक धोका आहे. मिरच्या चाळलेला हात हेडसेटच्या गादीला लागला आणि ती गादी डोळ्यांभोवती बसली, तर पुढचा माणूस आग आग करत बाहेर येईल. म्हणून हेडसेट डंकापासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत किंवा गाळ्यात ठेवा. कापडी गादी काढून धुता-पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण लावा. आत येणाऱ्याचे हात साबणाने धुतल्याशिवाय हेडसेटला हात नाही, हा नियम कितीही गर्दी असली तरी मोडू नका. हेडसेट चढवणाऱ्या माणसाने त्या दिवशी मिरचीला हातच लावायचा नाही. दर खेळानंतर गादी अल्कोहोल नसलेल्या वाइपने आणि भिंगं कोरड्या मऊ फडक्याने पुसा. एप्रिल-मेच्या घामात हे दुप्पट लागतं, शेजारी पंखा हवाच.

ऊन हा हेडसेटचा वैरी. भिंगांतून सूर्यकिरण आत गेले तर क्षणात पडद्यावर कायमचा डाग पडतो. रस्त्याकडेच्या मांडवात हेडसेट कधीही उताणा ठेवू नका, वापर नसताना भिंगांवर झाकण घाला. हेडसेट बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतो, म्हणून अंधार नको आणि रणरणतं ऊनही नको. आरसे, चकचकीत स्टीलचे पत्रे आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा त्याला गोंधळवतात. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सजावटीत नेमकं हेच सगळं असतं, तेव्हा खेळाच्या जागेमागे न चकाकणारा नक्षीचा पडदा लावा. सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता ५० हर्ट्झ करा, आपल्याकडची वीज तीच आहे.

गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरसारख्या ठिकाणी हजारो फोन एकाच हवेत असतात आणि हेडसेटमधून वायफायने टीव्हीवर येणारं चित्र मधेच गोठतं. स्वतःचा ५ गिगाहर्ट्झचा राउटर न्या, आणि यूएसबी केबलने लॅपटॉपवर चित्र घेण्याची सोय आधीच करून बघा. खेळ इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. बॅटरी दोनेक तास टिकते. दोन हेडसेट आलटून-पालटून चालवा.

स्टॉलवर दोन माणसं लागतात, एक हेडसेटपाशी आणि एक रांगेपाशी. त्यांत एक बाई असू द्या. अनोळखी पुरुषाने डोक्यामागचा पट्टा बसवणं अनेक जणींना आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. पट्टा बसवण्याआधी विचारायचं. गजरा-अंबाड्याला धक्का न लावता पट्टा कसा सैल करायचा, याचा घरी सराव करा. खेळणाऱ्याभोवती दोन मीटर चौकोन मोकळा ठेवा आणि जमिनीवर पट्टीने आखा.

११. खेळ संपल्यानंतर

किती जण खेळले याला एकट्याने फारसा अर्थ नाही. सवलतीच्या चिठ्ठीवर त्या दिवसाची खूण घाला आणि किती चिठ्ठ्या दुकानात परत आल्या ते मोजा. खेळालाही हेडसेटमध्येच साधी नोंद ठेवू द्या, नाव-नंबराशिवाय: किती जणांनी पूर्ण खेळला, कुठल्या गिऱ्हाइकापाशी सोडला, कुठली मिरची सगळ्यांत जास्त चुकली. संकेश्वरी आणि लवंगीत सगळेच घोटाळत असतील, तर दुकानातल्या पाट्यांवरही एकेक ओळ लिहायला हवी.

खेळ बाहेरून करून घेतला असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी पूर्ण प्रोजेक्ट, ब्लेंडरच्या मूळ फायली, आवाजाची रेकॉर्डिंग आणि कीस्टोर फाइल (एपीकेवर, म्हणजे हेडसेटवर चढवायच्या खेळाच्या फाइलवर, डिजिटल सही करायची किल्ली) तिच्या पासवर्डसह ताब्यात घ्या. हे करारात आधीच लिहा. कीस्टोर हरवली तर जुन्या खेळावर नवी आवृत्ती चढत नाही, आधी तो काढूनच टाकावा लागतो. सगळ्याची एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा.

मसाल्याचा हंगाम संपला की पाऊस येतो. हेडसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, बॅटरी अर्धी भरलेली असू द्या, कंट्रोलरमधले सेल काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून चार्ज करून, अपडेट घेऊन, खेळ एकदा चालवून बघा.